ऑफिस टॉवरचं डिझाइन लिफ्टच्या दारापासून सुरू होतं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचा, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. प्रबंधासाठी त्याने वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) ६० मजली ऑफिस टॉवर घेतला आहे. आकार पिळदार, बाहेरून पूर्ण काच. ज्युरीत पहिलाच प्रश्न आला, ‘लिफ्ट किती आणि कुठे?’ आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला विचारायचं आहे की प्रत्यक्ष कामात अशा इमारतीचं डिझाइन सुरू कुठून होतं, आणि सगळे ऑफिस टॉवर शेवटी काचेचे डबेच का होतात?

मी २६ वर्षं मुंबईत आर्किटेक्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं ऑफिसच्या इमारतींत गेली. तुमच्या ज्युरींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण कॉलेजात हा भाग कुणी नीट बसून शिकवत नाही.

आधी जागेचं. बीकेसीत ६० मजले होणार नाहीत. विमानतळ जवळ आहे आणि तिथल्या प्रत्येक भूखंडावर किती उंच जाता येईल हे विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकतीवर ठरतं. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. शिवाय ती गच्चीच्या स्लॅबपर्यंत धरत नाहीत; पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, अँटेना, वीज पडू नये म्हणून लावलेली सळई, जे काही सगळ्यात वर असेल त्याच्या टोकापर्यंत धरतात. बीकेसीतल्या इमारती वरून एका पातळीत छाटल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. ६० मजले हवेच असतील तर भूखंड लोअर परळ-वरळीकडे घ्या. पण तुमच्या जागी मी असते तर बीकेसीच ठेवलं असतं आणि मजले कमी केले असते. डोक्यावर झाकण असलं की सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढायला शिकता येतं.

आता लिफ्ट. समजा लोअर परळला ३० मजली इमारत आहे आणि एक मजला १,८०० चौरस मीटरचा. भिंती, खांब, जिने, शाफ्ट (लिफ्ट, पाइप आणि वायरी जायच्या उभ्या पोकळ्या) वजा जाता वापरायला १,३५० चौरस मीटर उरले असं धरू. दर माणशी १० चौरस मीटर म्हणजे मजल्यावर १३५ माणसं, ३० मजल्यांवर ४,०५०. लिफ्टचा हिशोब दिवसभराच्या वर्दळीवर करत नाहीत, सकाळच्या सगळ्यात तुंबलेल्या ५ मिनिटांवर करतात. त्या ५ मिनिटांत इमारतीतली निदान १२ टक्के माणसं वर गेली पाहिजेत, म्हणजे जवळजवळ ४८५. २० माणसांच्या लिफ्टमध्ये प्रत्यक्षात १६ शिरतात. बॅगा असतात, कुणी कुणाला खेटून उभं राहत नाही. वर जाऊन परत खाली यायला अडीच मिनिटं धरा. ५ मिनिटांत दोन फेऱ्या, ३२ माणसं. ४८५ ला ३२ ने भागा: १५ च्या थोडं वर. म्हणजे १६ लिफ्ट. सामानाची आणि अग्निशमन दलाची लिफ्ट यात धरलेली नाही.

हा आकडा पहिल्यांदा ऐकला की विद्यार्थी दचकतात, क्लायंटही दचकतात. ‘लिफ्ट जरा वेगवान घ्या, संख्या कमी करा’ असं हमखास सुचवलं जातं. माझी समजूतही बरीच वर्षं तशीच होती. मग एका कामाआधी मी तीन दिवस सकाळी नरिमन पॉइंटच्या एका जुन्या टॉवरच्या लॉबीत वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले. साडेनऊनंतर माणसं सलग येत नाहीत, लोंढ्यांनी येतात. चर्चगेटला गाडी लागली की काही मिनिटांनी शेअर टॅक्सीवाले आणि झपाझप चालणारे असे सगळे एकदम दारात. आता भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली आहे, तेव्हा लोंढ्याची दिशा बदलली असेल, लोंढा तसाच राहील. तिसऱ्या दिवशी मी एका लिफ्टमध्ये शिरून नुसत्या दाराच्या वेळा लिहिल्या. दार उघडायचं, मागचा माणूस ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत पुढे यायचा, दोघं बाहेर होऊन त्याला वाट द्यायचे, पुन्हा आत यायचे, दार मिटायला लागायचं आणि कुणीतरी हात घालायचं. एका थांब्याला सहज १० सेकंद.

आता गणित बघा. १६ माणसं आणि वर निम्मेच, म्हणजे १५ मजले असतील तरी एका फेरीत सरासरी १० थांबे पडतात. १० थांबे, १०० सेकंद! अडीच मिनिटांतली १०० सेकंदं दारातच गेली. मग लिफ्ट कितीही वेगाने पळाली तरी तिला पळायला मिळतंय कुठे? वेळ वाचवायचा तर थांबे कमी करावे लागतात, म्हणून लिफ्टचे गट पाडतात. ८ लिफ्ट १५ व्या मजल्यापर्यंत, उरलेल्या ८ खालचे मजले सोडून थेट १६ च्या वर. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही, स्लो आणि फास्ट लोकल आपण रोज बघतो. बाहेरच मजला विचारून ‘तुम्ही सी लिफ्टने जा’ सांगणारी नवी यंत्रणा हेच काम आणखी बारकाईने करते, एकाच मजल्याची माणसं एका डब्यात घालते. तुमच्या ६० मजल्यांना मात्र गटही पुरणार नाहीत. तिथे मध्ये कुठेतरी लिफ्ट बदलायची लॉबी लागेल. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० मजली मनोऱ्यांत ती ४४ व्या आणि ७८ व्या मजल्यावर होती. मोठ्या एक्स्प्रेस लिफ्टने तिथवर जायचं, मग पुढची लोकल धरायची. असं केल्यावर एकाच शाफ्टमध्ये एकावर एक तीन लोकल लिफ्ट चालवता येतात आणि शाफ्टची जागा वाचते. ती वाचली नसती तर खालचे मजले नुसत्या शाफ्टनेच भरून गेले असते.

या १६ लिफ्ट, त्यांच्यामधल्या लॉब्या, दोन जिने, टॉयलेट, एसीची एएचयू रूम (हवा थंड करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राची खोली), विजेचे, पाण्याचे आणि डेटाचे शाफ्ट, हे सगळं एकत्र बांधलं की तयार होतो कोअर. मराठीत मी त्याला गाभा म्हणते. मजल्याच्या २० ते २५ टक्के जागा गाभाच घेतो. माझ्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात फक्त हा गाभा काढला जातो. इमारत चौकोनी की गोल, यावर तोवर कुणी बोलत नाही.

गाभ्याचं दुसरं काम, तो इमारतीचा कणा असतो. त्याच्या भिंती काँक्रीटच्या शिअर वॉल असतात आणि वारा-भूकंपाचा आडवा जोर बहुतेक त्याच झेलतात. आपल्याकडे ५० ते २५० मीटर उंचीच्या काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे मानक २०१७ मध्ये आलं. वाऱ्याने इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये, असं ते सांगतं. १२० मीटरच्या इमारतीत म्हणजे २४ सेंटिमीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण आत बसलेल्या माणसाला किती सरकली हे कळत नाही, किती झटक्याने सरकली ते कळतं. म्हणून त्याच मानकात वरच्या मजल्यांच्या त्वरणालाही मर्यादा घातली आहे, आणि ऑफिसपेक्षा घरांसाठी ती कडक आहे. माणूस रात्री अंथरुणावर पडलेला असताना ते हलणं जास्त जाणवतं.

पण या कण्याला दारं लागतात. प्रत्येक लिफ्टच्या दारावर एक जाड, बुटका बीम असतो, दोन बाजूंच्या भिंतींना जोडणारा. भूकंपात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ताण याच बीमवर येतो, त्यामुळे त्यात सळ्या खच्चून भरलेल्या असतात. आणि एसीवाल्यांना डक्ट, म्हणजे हवेचा पत्र्याचा बोगदा, नेमका तिथूनच बाहेर काढायचा असतो. स्ट्रक्चरवाले आणि एसीवाले या दोघांना मी पहिल्याच महिन्यात एका टेबलावर बसवते आणि गाभ्यातून काय कुठून बाहेर पडणार हे एक-एक भोक मोजून ठरवते. ते केलं नाही तर स्लॅब ओतून झाल्यावर साइटवर काँक्रीटला भोक पाडणारं कोअर कटिंगचं मशीन येतं, आणि त्या बीमला पाडलेल्या भोकाची भरपाई पुढे कशानेच होत नाही.

एएचयू रूमच्या दारापासून पहिले तीन मीटर फार वाईट असतात, हे लक्षात ठेवा. मुख्य डक्ट तिथे सगळ्यात जाड असतो, त्याच्याखालून परतीचा डक्ट, स्प्रिंकलरची मुख्य लाइन आणि केबल ट्रे जायला बघतात. पूर्ण मजल्याच्या छताची उंची या तीन मीटरांवर ठरते. दोन स्लॅबमधल्या ४ मीटरांचा हिशोब साधारण असा लागतो: खाली वायरिंगसाठी उचललेली फरशी १५० मिलिमीटर, माणसाला मोकळी उंची २,७५०, फॉल्स सीलिंग आणि दिवे १५०, डक्ट ४००, बीम-स्लॅब ५५०. यातून काय कापणार? मोकळ्या उंचीला हात लावला की भाडेकरू नाराज. राहिले डक्ट आणि बीम. बीमऐवजी पोस्ट-टेन्शनचे (आतल्या केबली ताणून मजबूत केलेले) रुंद, कमी जाडीचे पट्टे घेतले आणि डक्ट त्या पट्ट्यांच्या मधून फिरवले, तर २०० मिलिमीटर वाचवता येतात. २० मजल्यांना २०० म्हणजे ४ मीटर. बीकेसीत डोक्यावर विमानतळाचं झाकण आहे. तिथे ४ मीटर वाचले की तेवढ्याच उंचीत आणखी एक अख्खा मजला मिळतो. झाकण असलं की सेक्शन शिकता येतं असं मी म्हटलं ते यासाठी. बीकेसीतला कुठलाही जाणता विकासक आधी तुमचा सेक्शन बघेल, एलेव्हेशन, म्हणजे बाहेरचा चेहरा, मागाहून.

खांबांच्या अंतराचं एक भांडण सांगून पुढे जाते. खाली पार्किंगमध्ये दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसवायच्या तर अडीच मीटरच्या तीन जागा आणि खांबाची जाडी धरून ८.४ मीटर पुरतात. वर ऑफिसात केबिन, खिडकीची चौकट, टेबलांची रांग हे सगळं १.५ मीटरच्या पटीत चालतं, आणि ८.४ ही १.५ ची पट नाही. केबिनची भिंत खिडकीच्या चौकटीवर यावी लागते, नाहीतर ती काचेच्या मधोमध येऊन टेकते आणि ते दृश्य आयुष्यभर डोळ्यांना खुपतं. मी बहुतेक वेळा ९ मीटर घेते, सहा पट्ट्या. पार्किंगमध्ये थोडी जागा वाया जाते, ती जाऊ द्यावी असं माझं मत आहे. गाडी उभी असते, माणूस नऊ तास बसतो.

गाभा मधोमध ठेवायचा की एका बाजूला, हा पुढचा निर्णय, आणि इथे आपल्या उन्हाचा संबंध येतो. मधोमध ठेवला तर चारही बाजूंना काचेपासून गाभ्यापर्यंत ९ ते १२ मीटरची खोली मिळते आणि रचनेलाही तो सोयीचा. पण मुंबईतल्या ऑफिसचा खरा शत्रू पश्चिमेचं ऊन आहे. दक्षिणेचं ऊन दुपारी उंचावरून येतं, छोटासा आडवा छज्जाही त्याला थोपवतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, मग जुलैच्या शेवटी पुन्हा. मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो, पण त्यातल्या जूनपासूनच्या दिवसांत ढग आपली बाजू सांभाळतात. पश्चिमेचं तसं नाही. एप्रिल-मेमध्ये साडेचार-पाच वाजता सूर्य खाली उतरून सरळ डोळ्यांत शिरतो. आडवा छज्जा तिथे कुचकामी, काचेबाहेर उभ्या पट्ट्या लावल्या तर थोडा फरक पडतो. मग लोक पडदे ओढतात, दिवे लावतात, एसी वाढवतात. ज्या काचेसाठी एवढे पैसे मोजले तिच्यावर दिवसाचा मोठा भाग पडदा!

म्हणून पश्चिमेला गाभाच का ठेवू नये? लिफ्ट, जिने, टॉयलेट यांना उजेडाची तेवढी गरज नसते, त्यांच्या जाड भिंती ऊन अंगावर घेतात. मलेशियात सुबांग जया इथे आर्किटेक्ट केन यांग यांनी १९९२ मध्ये पूर्ण केलेल्या मेनारा मेसिनियागा या १५ मजली इमारतीत गाभा असाच पूर्वेच्या तापत्या बाजूला सरकवला आहे. जिने, लिफ्टच्या लॉब्या आणि टॉयलेट यांना तिथे मोकळी हवा आणि उजेड मिळतो. तुम्ही ती नीट अभ्यासाच. नरिमन पॉइंटला मात्र हे जमणार नाही, तिथे पश्चिमेला समुद्र आहे आणि भाडं समुद्राचं मिळतं. बीकेसीत पश्चिमेला समुद्र दिसत नाही, तिथे ही भिंत बंद करायला माझी केव्हाही तयारी असते. याची किंमतही सांगते: कणा एका कडेला गेला की भूकंपात इमारत नुसती डोलत नाही, पिळवटते. पूर्वेच्या कडेला खोल खांब आणि जड बीमची ताठ चौकट देऊन तोल सावरावा लागतो. स्ट्रक्चरल कन्सल्टंट कपाळाला आठ्या घालतील, पण ऐकतील, जर तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलंत तर.

आता काचेचे डबे. कारणं अगदी व्यवहाराची आहेत. न्यूयॉर्कला १९५२ मध्ये लीव्हर हाउस झालं, १९५८ मध्ये आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोह यांची ३८ मजली सीग्राम इमारत झाली, आणि एसीचं थंड पाणी, डक्ट व ट्यूबलाइट यांच्या जोरावर बंद काचेच्या आत कुठल्याही हवेत बसता येतं हे जगाला दिसलं. कर्टन वॉलचं, म्हणजे बाहेरून टांगलेल्या काचेच्या भिंतीचं, पॅनेल कारखान्यात बनतं, ट्रकने येतं, स्लॅबच्या कडेला ब्रॅकेटवर टांगलं जातं. परांची नको, प्लास्टर नको, पावसाळ्यात काम थांबत नाही. वजन विटेच्या भिंतीच्या मानाने फार कमी आणि जाडीही कमी, त्यामुळे आतली जागा वाढते. विकासकाला हे सगळं हवंसं असतं, त्यात चूक काही नाही. चूक होते ती चारही बाजूंना सारखीच काच लावण्यात. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत साध्या मार्गाने जायचं तर बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच काच धरली आहे. मला ती मर्यादा योग्य वाटते. खिडकीच्या उंचीच्या साधारण दुपटीपलीकडे दिवसाचा उजेड कामाला पुरत नाही, आणि गुडघ्याखालच्या काचेतून टेबलावर काहीच येत नाही, नुसती उष्णता येते.

नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत बघा. १९७४ ची, २३ मजली, न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्गी यांच्या ऑफिसची. पांढरी, खिडक्या कप्प्यांत बसवलेल्या. विमान कंपनीसाठी बांधलेली ही इमारत सरकारी कार्यालयांसाठी १,६०१ कोटींना घ्यायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये ठरवलं. पन्नाशीच्या इमारतीला असा दुसरा संसार थाटता येतो, कारण आतले मजले मोकळे आहेत आणि गाभा कुणा एका भाडेकरूच्या सोयीने वाकवलेला नाही.

काच लावायचीच असेल तर ती पाण्यापासून कशी वाचते, हे एकदा प्रत्यक्ष बघून या. मोठ्या कामात पॅनेल कारखान्यात सुरू होण्याआधी दोन मजल्यांचा नमुना प्रयोगशाळेत उभा करतात. एका कामाच्या वेळी मी आतल्या बाजूला, बंद पेटीत टॉर्च घेऊन बसले होते. बाहेर नळ्यांच्या जाळीतून दर चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर पाणी सुरू झालं, आणि त्यामागे विमानाचं इंजिन, खऱ्या पंख्याचं. तो आवाज छातीत घुमतो. पंधरा मिनिटं हे चालतं. अकराव्या मिनिटाला खालच्या डाव्या कोपऱ्यात, उभी आणि आडवी पट्टी मिळते तिथे, ॲल्युमिनियमवर एक थेंब फुगला. थांबला. मग घसरून खाली आला, आणि त्याच्या मागे दुसरा. इंजिन बंद करून पॅनेल उघडलं तेव्हा कळलं: कोपऱ्यावर रबरी गॅस्केट दोन मिलिमीटर आखूड कापलं होतं. कापताना ताणून धरलं होतं, मग ते आपल्या लांबीवर परत गेलं. तोच दोष काही हजार पॅनेलांत गेला असता तर दर पावसाळ्यात लोकांच्या टेबलांवर बादल्या आल्या असत्या. त्या दिवसापासून कारखान्यात गॅस्केट थोडं जास्त लांब कापून, दाबून बसवायचं असं ठरलं.

पाणी आत येतं ते भोक असतं एवढ्यामुळे नाही. बाहेर वाऱ्याचा दाब जास्त, आत कमी, म्हणून ते ओढलं जातं. त्यामुळे चांगल्या पॅनेलच्या पुढच्या पोकळीत मुद्दाम छिद्रं ठेवतात. बाहेरचा दाब त्या पोकळीतही पोचतो, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की पाण्याला आत ओढणारं काही राहत नाही, आणि जे शिरलं ते खालच्या छिद्रातून निघून जातं. साइटवर कुणीतरी भल्या हेतूने ती छिद्रं सिलिकॉनने बुजवतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता जमिनीखाली. बीकेसी ही मिठी नदीच्या काठची दलदलीची जागा भरून उभी केलेली आहे, वर भराव आणि चिखल, खडक खाली. खडक सापडला की वजनाची काळजी मिटते. खरी काळजी उलट असते, बेसमेंट वर उचललं जाण्याची. तीन बेसमेंट, १२ मीटर खोल, आणि भूजल जमिनीच्या खाली २ मीटरवर. म्हणजे राफ्टच्या (सगळ्यात खालच्या, पायाच्या जाड स्लॅबच्या) तळाशी १० मीटर पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला १० टन वरच्या दिशेने. टॉवरच्या खाली प्रश्न नाही, वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं आहे. पण पोडियमच्या, म्हणजे टॉवरभोवतीच्या बुटक्या भागात वर चार-पाच स्लॅब, दर चौरस मीटरला टनभर प्रत्येकी, आणि मीटरभर जाडीच्या राफ्टचे अडीच टन. बेरीज साडेसातच्या आत. होडीसारखं तरंगायला निघालेलं बेसमेंट खडकात अँकर ठोकून धरून ठेवावं लागतं. बांधकाम चालू असताना तर उपसा करणारे पंप पुरेसं वजन वर चढेपर्यंत एक रात्रही बंद ठेवता येत नाहीत.

याच कारणाने विजेचे मुख्य पॅनेल, जनरेटर आणि आगीच्या पंपांचे स्टार्टर मी बेसमेंटमध्ये ठेवू देत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीने आपली जागा परत घेतली आणि बेसमेंटमध्ये जे होतं ते सगळं पाण्याखाली गेलं. पोडियमवर जागा महाग असते, मला माहीत आहे. तरी पॅनेल वरच.

तुमच्या पिळाबद्दल. तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही. शांघाय टॉवर २०१५ चा, ६३२ मीटर, १२८ मजले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत १२० अंश वळतो, आणि त्या आकाराने वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी कमी झाला. कारण उंच इमारतीच्या बाजूने वारा जाताना दोन कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, आणि आकार सगळ्या उंचीवर एकसारखा असला तर ते ठेक्यात पडतात. आकार बदलत गेला की ठेका मोडतो. तैपेई १०१ मध्ये कोपरे दातेरी कापून हेच साधलं. पण शांघाय टॉवरचा सेक्शन उघडून बघा: पिळलेली आहे ती बाहेरची काचेची कात. आतले मजले गोल आहेत, नऊ गटांत एकावर एक रचलेले, आणि मधोमध काँक्रीटचा गाभा खालपासून वरपर्यंत ओळंब्यात सरळ. तो सरळ असावाच लागतो, लिफ्टला वळता येत नाही.

आग आणि सुटका यांवर एकच गोष्ट सांगते, बाकी संहितेत वाचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे २४ मीटरच्या लगेच वर पहिली रेफ्युज जागा (आग लागली तर माणसांनी थांबायची सुरक्षित जागा) लागते आणि मग दर १५ मीटरला. ४ मीटरच्या मजल्यांत म्हणजे जवळपास दर तीन-चार मजल्यांनी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला एक उघडी जागा येणार. ती शेवटी घुसडली की एलेव्हेशनवर दात पडल्यासारखी दिसते. आधीपासून धरली तर तिथे सावली मिळते, झाडं लावता येतात, आणि पश्चिमेची भिंत कुठे फोडायची याचं कारणही मिळतं.

पुढच्या ज्युरीआधी एवढं करा. मजले कमी करा. १:१०० ला फक्त गाभा काढा, दोन्ही गटांच्या लिफ्ट समोरासमोर चार-चार. आठपेक्षा जास्त एका गटात घेऊ नका, माणूस दार मिटायच्या आत पोचत नाही. समोरासमोरच्या दारांमध्ये साडेतीन मीटर तरी ठेवा. खालच्या गटाचे शाफ्ट जिथे संपतात त्याच्या वरच्या मजल्याचा प्लॅन वेगळा काढा, तिथे मोकळी झालेली जागा कुणाला दिली ते दाखवा. मग १:२० ला एएचयू रूमच्या दारातून सेक्शन घ्या, त्या पहिल्या तीन मीटरांचा. हे दोन कागद झाले की मला इथेच दाखवा, आकारावर आपण त्यानंतर बोलू.